मगरीच्या कानाचं ओतकाम

माय,

परवा मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. उजव्या कानात महिनाभर दडा बसला होता. त्यांनी नाक चिमटीत धरायला लावलं, तोंड मिटून आतल्या आत जोर करा म्हणाले. कानात टक् असं वाजलं आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचं बोलणं एकदम स्पष्ट ऐकू यायला लागलं. घशातून कानाकडे एक बारीक नळी जाते, ती चोंदली होती, असं ते मला समजावून सांगू लागले. मी म्हटलं, ठाऊक आहे, मगरीला घशात अशी तीन तोंडं असतात, आणि तिचे दोन्ही कान डोक्याच्या आतून एकमेकांना जोडलेले असतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तुम्ही सायन्सच्या का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, मी शाळेत मास्तरीण होते, हे मला माझ्या आईनं दाखवलं. त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटत होतं, म्हणून लिहायला बसले आहे. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

अमरावतीतलं आपलं घर ओताऱ्याचं. बाबा बैलांच्या गळ्यातल्या घंटा, घुंगरं, समया आणि देवघरातले टाक ओतायचे, आणि दर्यापूर-अंजनगावच्या बाजारात ते विकले जायचे. लोक त्या घंटा बाबांच्या म्हणून ओळखत. पण बाबा फक्त ओतत. मेण आणि राळ कढवणं, मेणाचा दोर वळून घंटेचा आकार करणं, त्यावर मातीचे हात देणं, साचा वाळवणं, फोडल्यावर कानस मारणं, हे सगळं तू करायचीस. बाबा तापानं गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेराव्याला काकांनी सांगितलं की भट्टी आणि भाता आमच्याकडे पाठवून द्या, बाईमाणसानं वितळल्या धातूची मूस उचललेली आपल्यात चालत नाही. तू त्यांना नाही म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू लुगड्याचा काचा घट्ट मारलास, भट्टी पेटवलीस आणि मूस उचललीस. काका त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी येत, ओसरीवर चहा पीत आणि नुसते भट्टीकडे पाहत. तुझा एखादा मोठा साचा बिघडायची ते वाट पाहून राहिले आहेत, असं तू म्हणायचीस, आणि ते खरं होतं.

मी शिकले आणि अमरावतीतच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. माझ्या वर्गात कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांची मुलगी होती. प्रोफेसरसाहेब पुण्याकडचे, उंच, हळू बोलणारे. आम्ही ओतारी आहोत हे मुलीकडून त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर मगरीची कवटी होती, हातभर लांब, पिवळी पडलेली. मगरीच्या डोक्यात मेंदूपेक्षा हवेलाच जास्त जागा असते, असं ते म्हणाले. कानाच्या पडद्यामागे पोकळी असते. त्या पोकळीतून एक वाट मेंदूच्या वरून पलीकडच्या कानाकडे जाते, एक मेंदूच्या खालून जाते, काही घशात उतरतात, आणि एक बाजूच्या हाडातून जबड्याच्या सांध्यापर्यंत. पुस्तकात हे सगळं कापलेल्या चकत्यांच्या चित्रांत होतं, पण अख्खा आकार विद्यार्थ्यांना दाखवायला काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात अशी कल्पना होती की त्या पोकळीत धातू ओतायचा आणि मग हाड तेजाबात विरघळवून टाकायचं. म्हणजे हवेचा जो आकार आहे तोच हातात येईल. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी हे कुणी करील का? मी म्हटलं, माझी आई करील. त्यांना थोडं आश्चर्य वाटलं.

तू पहिल्यांदा त्यांच्या घरी आलीस तो दिवस मला नीट आठवतो. तू दारातून म्हणालीस, ‘मी आत येतो, साहेब.’ आत प्रोफेसरांच्या पत्नी आणि मुलगी एकमेकींकडे पाहून हसल्या. त्या वाईट नव्हत्या. बाईच्या तोंडी ‘येतो’ ऐकायची त्यांना सवय नव्हती एवढंच. तू सुसर म्हणालीस, साहेब म्हणाले ही मगर, सुसरीचं तोंड चिंचोळं असतं, आणि तू म्हणालीस, ‘बरं, मंगर.’ पुन्हा हसणं झालं. तुला त्याचं काही वाटलं नाही. तू कवटी उचलून उजेडाकडे धरलीस आणि भोकं पाहायला लागलीस. मला मात्र ते हसणं लागलं. त्या दिवसापासून तुमच्या दोघांचं बोलणं मीच पोचवायला लागले. साहेबांचं तुला सांगायचं, तुझं साहेबांना. तुला वाटलं, पोरगी शिकलेली आहे, तिला त्यांची भाषा येते, हे सोयीचं आहे.

कवटी आपण घरी आणली. अंगणात वारा होता म्हणून तू ती स्वयंपाकघरात नेलीस आणि दार लावून घेतलंस. चूल विझवलीस. पाटावर फडकं, फडक्यावर कवटी. तू सरकीचा कापूस पिंजून त्याची बोटभर विरळ झुलपं केलीस, आणि मऊ मेणानं एकेका भोकाच्या कडेला एकेक झुलूप चिकटवलंस. मग डाव्या कानाच्या खळग्यात एरंडाची पुंगळी मेणानं बसवलीस आणि गाल फुगवून हळू फुंकलंस. मी वाकून पाहत होते. आधी उजव्या कानापाशी कापूस हलला. मग कवटी उलटी करून फुंकलंस, तर घशाच्या मागे हाडाला तीन भोकं होती, मधलं मोठं आणि दोन बाजूंची बारीक, तिथला कापूस हलला. शेवटी जबड्याच्या सांध्याजवळ, हाडाच्या मागच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं एक भोक होतं, तिथलं झुलूप थरथरलं. ते भोक तोवर मला दिसलंही नव्हतं. खालचा जबडा वेगळा होता, त्यातही सांध्यापाशी तसंच भोक होतं. साहेबांनी नंतर सांगितलं की जित्या मगरीत या दोन भोकांच्या मधे कातडीची नळी असते आणि कानातली हवा जबड्याच्या हाडातही जाते. तू बराच वेळ फुंकत होतीस. मग मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, ‘इच्या डोक्यात गल्ल्याच गल्ल्या हायेत.’

साहेबांनी सांगितलं होतं की ओतायचं एक भोक सोडून बाकीची सगळी भोकं मेणानं बंद करा, नाहीतर धातू गळून जाईल. मी ते तुला सांगितलं. तू लगेच म्हणालीस की असं नाही चालत. ‘धातू आत गेला त हवेले बाहेर निघाले वाट पायजे. नाही त हवाच आत बसून राहीन अन् धातू अर्ध्यात थांबन. त्याईले सांग, वरच्या बाजूनं तीन-चार पुंगळ्या ठेवतो.’ मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले. त्यांच्यासमोर जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मधल्या शाळेत, म्हणजे वरच्या इयत्तांवर, शिक्षिकेची एक जागा व्हायची होती आणि तिथल्या मंडळींशी ते माझ्यासाठी बोलणार होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि माझ्या आईचं म्हणणं असं आहे, एवढं वाक्य काही माझ्या तोंडून निघेना. एवढं शिकलेला माणूस, त्याला हवेचं माहीत नसेल का, असंही वाटलं. मी चहा पिऊन परत आले आणि तुला सांगितलं की साहेब नाही म्हणतात, सगळी भोकं बंदच करा म्हणतात. तू दोनदा विचारलंस. मी दोनदा तेच सांगितलं. तू म्हणालीस, ‘त्याईची चीज हाय. त्याईच्या मनानं.’

शिसं, कथील आणि बिस्मथ नावाचा एक ठिसूळ धातू साहेबांनी कॉलेजातून आणून दिला होता. तिन्ही मिळून इतक्या कमी आचेवर वितळत की तुझा विश्वास बसेना. तू भट्टी न पेटवता चुलीवरच पळीत ते वितळवलंस आणि ओतलंस. धातू थोडा आत गेला आणि भोकाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तू कवटी हलवलीस, ठोकलीस, ऊब दिलीस. आणखी एक पळीही गेली नाही. तेव्हाच तुला कळलं होतं. तरी कवटी कॉलेजात गेली, सौम्य तेजाबात पडली, आणि हाड रबरासारखं मऊ व्हायला वीस-बावीस दिवस गेले. साहेब रोज सुईनं थोडं थोडं खरवडत. शेवटी जे निघालं ते डाव्या कानाचा एक ओबडधोबड गोळा होता आणि त्याला एक तुटकं शेपूट होतं. उजवा कान नव्हता, मधली कमान नव्हती, घशाच्या वाटा नव्हत्या. कवटीही आता उरली नव्हती.

त्यांनी आपल्या दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. ते रागावलेले नव्हते. गोळा तळहातावर घेऊन त्यांनी तुला सरळ विचारलं, ‘बाई, हवा आत अडकली असं मला दिसतंय. मला ओतकामातलं काही कळत नाही, पण तुम्ही जाणत्या. हवेला वाट ठेवायला हवी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?’

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मी टेबलावरच्या काचेच्या बरण्या पाहत होते. मग तू साहेबांना म्हणालीस, ‘माही चूक झाली, साहेब. ध्यानात नाही राह्यलं.’

घरी आल्यावर हातपाय धुतलेस, परात घेतलीस आणि ज्वारीचं पीठ मळायला बसलीस. मी चुलीपाशी उभी. तू पिठाकडे पाहतच विचारलंस, ‘त्याईनं नाही म्हटलं होतं?’

‘मी विचारलंच नाही,’ मी म्हटलं.

‘कावून?’

त्यांना माहीतच असेल असं वाटलं, असं काहीतरी मी पुटपुटले. तू भाकरी थापून तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस आणि आवाज न चढवता म्हणालीस, ‘त्याईले किताब माहीत हाय. मले ओतनं माहीत हाय. तू मधात बसून दोघाईलेही मुकं केलं.’ भाकरी उलटलीस. ‘तुले माह्या बोलन्याची लाज वाटते त वाटू दे. पन मंग मधात नको राहू. आता मीच बोलतो.’

त्या आठवड्यात काका आले. कॉलेजातलं काम फसल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला आणि भाता कधी न्यायला येऊ असं विचारलं. तू म्हणालीस, अजून एक डोकं ओतायचं आहे, ते झालं की या.

ते डोकं अजून कुठंच नव्हतं. तू एकटी साहेबांकडे गेलीस आणि दुसरी कवटी कुठे मिळेल ते विचारून आलीस. अकोल्याला एका वकिलांच्या बंगल्यात होती, पण साहेबांनी एकदा मागितली तेव्हा वकिलांनी साफ नाही म्हटलं होतं. रविवारी आपण दोघी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. मी येऊ का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, ये, पण बोलू नको.

वकीलसाहेब म्हातारे, अंगावर बंडी, व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेले. कवटी दाराच्या वर तारेनं टांगलेली होती, तोंड रस्त्याकडे. ती मगर त्यांच्या धाकट्या भावानं पूर्णेच्या डोहात मारली होती, आणि भाऊ आता नव्हता. ते त्यांनी पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं, म्हणजे आपण काही मागायच्या आधीच. तू आपलं काम काय आहे ते सांगितलंस. आपल्या बोलीत, जसं मला सांगायचीस तसं. ते म्हणाले, आणि हे डोकं परत कधी मिळेल? मला वाटलं, तू काहीतरी गोड बोलशील. तू म्हणालीस, ‘नाही मिळनार. हाड राहत नाही. आतली पोकळी तेवढी राहते.’

‘पोकळीचं काय करायचं आहे?’

तू पिशवीतून कापूस, मेण आणि पुंगळी काढलीस आणि कवटी खाली घ्यायला सांगितलंस. गड्यानं ती काढली. व्हरांड्यातच, पदराचा आडोसा करून, तू फुंकून दाखवलंस. पलीकडच्या कानातला कापूस हलला तेव्हा वकीलसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी स्वतः फुंकून पाहिलं. मग हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे एका कानानं ऐकते आणि दुसऱ्यानं सोडून देते. माझे निम्मे पक्षकार असेच आहेत.’ तूही हसलीस. पण डोकं द्यायला ते तयार होईनात. भावाची आठवण म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. तू कवटीवर हात ठेवून बसली होतीस. थोड्या वेळानं तू बोटानं डोळ्यांच्या खोबणीच्या मागून एक रेघ ओढलीस आणि म्हणालीस, ‘मले पुढचं तोंड नाही पायजे. दात नाही पायजेत. मागचं एवढंच, वितीभर पायजे. पुढचं तुमच्या दारावरच राहू द्या.’

गड्यानं शेजारच्या सुताराकडून करवत आणली. तू स्वतः कापलंस, एका हातानं दाबून धरून, घाई न करता. तासभर लागला. तोंड पुन्हा तारेनं टांगलं तेव्हा रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही गेलंय असं वाटलं नसतं. वकीलसाहेब फाटकापर्यंत आले. त्यांना देवघरासाठी एक घंटा हवी होती. ती तू पुढच्या महिन्यात पाठवलीस.

दुसऱ्या ओतकामाला साहेब आपल्या अंगणात आले. सकाळची वेळ. मी त्यांना खाट टाकून दिली, पण ते उभेच राहिले. तू कवटीच्या तुकड्याला सगळीकडून मातीचा लेप दिला होतास आणि तो सावलीत वाळवला होतास. वरच्या अंगाला एरंडाच्या चार पुंगळ्या उभ्या होत्या. तू त्यांना एकेक पुंगळी दाखवून सांगितलंस की ही कुठल्या कानाची, ही मधल्या कमानीची, ही कुठली. साहेब वहीत लिहून घेत होते. एका ठिकाणी त्यांनी विचारलं की इथं वाट आहे असं पुस्तकात दिसत नाही, तर तू म्हणालीस की कापूस हलला म्हणजे आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं. तू साच्याला ऊब दिलीस, पळी उचललीस, बारीक धारेनं ओतायला लागलीस आणि थांबलीच नाहीस. आम्ही चार पुंगळ्यांकडे पाहतो आहोत. पहिल्या पुंगळीच्या तोंडाशी चांदीसारखा ठिपका वर येतो. मग तिसऱ्या. मग दुसऱ्या. चौथीला फार वेळ लागतो आणि तुझा हात जरासुद्धा हलत नाही. शेवटी तिथंही ठिपका दिसतो आणि तू म्हणतेस, ‘पोचला.’

तेजाबातून तो निघाला तेव्हा साहेबांनी स्वतः टांग्यातून येऊन तो आपल्याला दाखवला. दोन कानांचे दोन फुगीर गोळे, वरून त्यांना जोडणारी कमान, खालून दुसरी, मधोमध घशाकडे उतरणारी नळी, आणि दोन्ही बाजूंना जबड्याकडे गेलेले हात. तू म्हणालीस, कावडीसारखं दिसते. साहेब कितीतरी वेळ तो फिरवून फिरवून पाहत होते. तू मात्र डाव्या हाताचं टोक पाहिलंस आणि ते पेरभर आखूड राहिलंय असं म्हणालीस. त्यांनी कितीही सांगितलं की त्यानं काही बिघडत नाही, तरी तुझं मन मानलं नाही. तिसरं डोकं मिळतं तर तू पुन्हा ओतलं असतंस. काका त्यानंतर आले, त्यांनी अंगणातला मातीचा फुटका साचा पाहिला, आणि भात्याचा विषय काढला नाही. भट्टी तू गेलीस त्या वर्षापर्यंत आपल्याच अंगणात होती. मधल्या शाळेतली जागा मला मिळाली. तुला त्याचा आनंद झाला, तो मी पाहिला.

एक गोष्ट राहिली आहे. काही महिन्यांनी साहेबांनी आपल्याला कॉलेजात नेलं. तुझं ओतकाम काचेच्या कपाटात, काळ्या मखमलीवर ठेवलं होतं आणि समोर इंग्रजी अक्षरांची पाटी होती. साहेब कुणाशी तरी बोलायला बाहेर गेले. तू हळूच विचारलंस, ‘काय लिवलं हाय?’ मी वाचून दाखवलं की मगर, कानातल्या हवेच्या पोकळ्या. ‘अन् माहं नाव हाय का?’ मी म्हटलं, आहे, सगळ्यात खालच्या ओळीत. तू पदराच्या टोकानं काच पुसलीस आणि त्या ओळीकडे पाहत राहिलीस. नंतर बाजारातल्या बायांना तू ते सांगितल्याचं मला कळलं.

त्याच गावात मी पुढं एकतीस वर्षं शिकवलं. कॉलेज माझ्या रोजच्या वाटेवर होतं आणि साहेबही पुष्कळ वर्षं तिथंच होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी नाव घातलं असतं, असा माणूस होता तो. मी कधी आत गेले नाही. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, घडी करून ट्रंकेत ठेवीन. त्या खालच्या ओळीत नुसता कपाटाचा नंबर होता.